निषेधाची संगती आणि ‘मतानुज्ञे’चा दोष

लेखकांनी एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर पत्रक काढले, की त्यातील मजकुराआधी त्याखालील सह्या वाचण्याची रीत अलीकडे रूढ झाली आहे. सह्या वाचून झाल्या की प्रश्न येतो : ‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ हा ‘तेव्हा’ प्रश्नकर्त्याच्या पक्षानुसार बदलतो. कधी तो १९७५ असतो, कधी १९८४, कधी १९८८, कधी २००२. प्रश्न विचारला गेला म्हणजे पत्रकाचे उत्तर झाले, अशी समजूतही त्याबरोबरच रूढ झाली आहे. वस्तुतः हा एक प्रश्न दोन अगदी भिन्न कामे करतो. त्यांपैकी एक काम विचाराला आवश्यक आहे; दुसरे विचार थांबवणारे आहे. या दोहोंत गल्लत झाल्यामुळे साहित्यिकांच्या राजकीय कृतीविषयीचा रास्त संशय आणि केवळ पक्षीय प्रत्युत्तर यांतील भेद पुसट झाला आहे.

हा संशय निराधार आहे असे मुळीच नाही. सही करण्याला फारसे मोल पडत नाही. बहुधा ती आपल्याच वर्तुळातील मित्रांच्या आग्रहाने होते. आणि पुष्कळदा पत्रकाची भाषा तत्त्वाची असली तरी त्याची वेळ राजकारणाने ठरवलेली असते. लेखकाला शब्दांच्या तोलाची जाण असते, म्हणूनच त्याच्या निषेधाला इतरांच्या निषेधाहून अधिक वजन दिले जाते. तीच जाण तो आपल्या गटाच्या सोयीसाठी खर्च करू लागला, तर वाचकाने त्याच्याकडे संशयाने पाहावे हे योग्यच होय. परंतु संशय हा परीक्षणाचा आरंभ आहे, निकाल नव्हे. परीक्षण करावयाचे तर एकाच स्थळी, जवळजवळ सारख्याच परिस्थितीत, पण भिन्न पक्षांच्या संबंधात घडलेली प्रकरणे शेजारी ठेवून पाहावी लागतात. अशी सोय जयपूरने करून दिली आहे.

जयपूरचा साहित्य महोत्सव २००६ साली डिग्गी पॅलेसच्या आवारात लहान प्रमाणावर सुरू झाला. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे जानेवारी २००७ मध्ये, सलमान रश्दी तेथे येऊन बोलून गेले. त्यावरून काही गडबड झाली नाही. पुढे महोत्सव वाढला, त्याची गणना जगातील मोठ्या साहित्यमेळाव्यांत होऊ लागली, आणि २०१२ च्या जानेवारीत रश्दींना पुन्हा निमंत्रण गेले तेव्हा देवबंदच्या दारुल उलूमच्या प्रमुखांनी त्यांना भारतात येऊ देऊ नये अशी मागणी केली. राजस्थानात आणि केंद्रात तेव्हा काँग्रेसचे शासन होते. उत्तर प्रदेशात विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. मुंबईच्या गुन्हेगारी जगतातून मारेकरी निघाले आहेत, अशी सूचना आपल्याला मिळाल्याचे सांगून रश्दींनी २० जानेवारी रोजी येणे रद्द केले. ही सूचना बनावट होती असे त्यांनी पुढे जाहीरपणे म्हटले. त्याच दिवशी हरी कुंझरू, अमिताव कुमार, जीत थायिल आणि रुचिर जोशी या चार लेखकांनी व्यासपीठावरून ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ मधील उतारे वाचले. संयोजकांनी त्या वाचनाशी आपला संबंध नसल्याचे पत्रक काढले आणि चौघांनाही जयपूर सोडावे लागले. शेवटच्या दिवशी, २४ जानेवारीस, रश्दींनी दूरचित्रसंवादाने बोलावे असे ठरले होते. तेही पोलिसांच्या सल्ल्यावरून ऐनवेळी रद्द झाले.

या प्रकरणात निवडणुकीच्या दिनदर्शिकेचा हात होता असे त्या वेळी अनेकांनी म्हटले, आणि ते बऱ्याच अंशी पटण्यासारखे आहे. मात्र २००७ सालीही उत्तर प्रदेशात निवडणूक जवळ होती आणि रश्दी तरीही येऊन गेले होते, हे विसरले की दिनदर्शिकेचा सिद्धांत जरा अधिकच सोपा होतो. महोत्सवाची प्रसिद्धी हीच पाच वर्षांत वाढली होती. विरोधाला व्यासपीठाइतकीच व्यासपीठाच्या उंचीची गरज असते.

खरा बोध होतो तो नंतरच्या वादातून. तेव्हा विरोधी बाकांवर असलेल्या भारतीय जनता पक्षाने काँग्रेसवर मतांच्या अनुनयाचा आरोप केला. तो आरोप ऐकताच उलट बाजूने मकबूल फिदा हुसेन यांचे नाव पुढे आले. चित्रांवरून झालेल्या खटल्यांमुळे आणि धमक्यांमुळे २००६ पासून देशाबाहेर राहिलेले आणि २०११ च्या जूनमध्ये लंडनमध्ये निवर्तलेले हुसेन यांच्या बाबतीत हेच लोक काय म्हणत होते, असा तो सवाल होता. मग शाहबानो, मग गुजरात, मग पुन्हा १९८८ ची आयातबंदी. दोन्ही बाजू परस्परांचे दोष अचूक सांगत होत्या. तरीही जयपूरच्या आवारात चार उतारे वाचणे योग्य की अयोग्य, हा मूळ प्रश्न त्या देवघेवीत कोणीच हाताळला नाही.

ही देवघेव नवी नाही. भारतीय तर्कपरंपरेने तिला दीड सहस्रकांहून अधिक काळापूर्वी नाव देऊन ठेवले आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत : तत्त्वनिर्णयासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करणारी ती वितंडा. मराठीने यांतला ‘वाद’ घेतला तो भांडण या अर्थाने, ‘जल्प’ घेतला तो वृथा बडबडीच्या अर्थाने, आणि ‘वितंडवाद’ मात्र जवळजवळ मूळ अर्थासह जपला. भाषेला कशाची गरज अधिक पडली हे त्यावरून दिसते. याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात वादात पराभूत ठरण्याची बावीस स्थाने दिली आहेत. त्यांना निग्रहस्थाने म्हणतात, आणि त्यांतील एकाचे नाव ‘मतानुज्ञा’ आहे. आपल्या पक्षावर दाखवलेला दोष दूर न करता ‘तोच दोष तुमच्याही पक्षात आहे’ असे म्हणणारा वादी प्रतिपक्षाच्या मताला अनुज्ञा देतो, म्हणजे आपल्यातील दोष मान्य करतो, असा त्याचा आशय. टीकापरंपरेतील नेहमीचे उदाहरण चोराचे आहे. ‘तू चोर आहेस’ असे कोणी म्हटले असता ‘तूही चोर आहेस’ असे उत्तर देणारा खरे बोलत असेलही. पण त्याने स्वतःची चोरी नाकारलेली नसते.

मतानुज्ञेचे एक स्वच्छ उदाहरण जयपूरशीच निगडित आहे, आणि ते महोत्सवाबाहेरचे आहे. तस्लिमा नसरीन यांच्या ‘द्विखंडित’ या आत्मचरित्राच्या खंडावर पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडीच्या शासनाने २००३ मध्ये बंदी घातली होती. ती २००५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने उठवली. पुढे २१ नोव्हेंबर २००७ रोजी कोलकात्यात त्यांच्याविरुद्ध दंगल उसळली, लष्कर बोलवावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना विमानाने जयपूरला आणण्यात आले. राजस्थानात तेव्हा भारतीय जनता पक्षाचे राज्य होते. जयपुरात त्यांचा मुक्काम जेमतेम एक रात्र झाला. तेथून त्यांना दिल्लीस हलवण्यात आले, आणि २००८ च्या मार्चमध्ये त्यांनी देश सोडला. त्याआधी २००७ च्या मे महिन्यात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात एका कलाविद्यार्थ्याला त्याच्या चित्रांवरून अटक झाली होती, त्याची बाजू घेणाऱ्या अधिष्ठात्यांना निलंबित करण्यात आले होते, आणि गुजरातमध्ये शासन कोणाचे होते हे सांगावयास नको. कोलकात्याबद्दल विचारले की बडोदे सांगायचे आणि बडोद्याबद्दल विचारले की कोलकाता सांगायचे, असा क्रम काही महिने चालला. या क्रमात लेखिकेला कायमचा निवारा मिळाला नाही आणि विद्यार्थ्यालाही काही लाभले नाही. दोन्ही गावांतील दोष मात्र उभयपक्षी मान्य झाले होते.

तर मग ‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ हा प्रश्न सर्वथा त्याज्य मानावा काय? तसे म्हणता येणार नाही. तो जेव्हा बचाव म्हणून येतो तेव्हा मतानुज्ञा होतो. पण तो जेव्हा हेतूची तपासणी म्हणून येतो तेव्हा त्याचे स्थान अगदी वेगळे असते. पत्रकात दिलेले कारण सर्व सदृश प्रसंगांना लागू पडते की नाही, हे पाहण्याचा अधिकार वाचकाला आहे. कारण विशेषण न लावता सांगावे, कोणी आक्षेप घेतला की मागाहून त्याला विशेषण जोडावे, या लबाडीलाही न्यायसूत्रांनी निग्रहस्थानांत जागा दिली आहे. तिला ‘हेत्वंतर’ म्हणतात. साहित्यिकांच्या राजकीय कृतीत मतानुज्ञेपेक्षा हेत्वंतरच अधिक आढळते, कारण लेखकाला शब्द बदलणे पक्षकार्यकर्त्याहून चांगले जमते.

रश्दी प्रकरणाला वर्ष झाले न झाले तोच जयपुरातच त्याचा पडताळा आला. २६ जानेवारी २०१३ रोजी महोत्सवातील एका परिसंवादात समाजशास्त्रज्ञ आशीष नंदी यांनी भ्रष्टाचाराविषयी बोलताना असे विधान केले, की भ्रष्ट म्हणून दिसणाऱ्यांत इतर मागासवर्ग, अनुसूचित जाती आणि आता वाढत्या प्रमाणात अनुसूचित जमाती यांचा भरणा अधिक आहे. त्यांच्या म्हणण्याचा रोख निराळा होता. वरच्या वर्गांचा भ्रष्टाचार सभ्य रूपात लपतो, खालच्यांचा तेवढा पकडला जातो, आणि त्यातूनच एक विपरीत प्रकारची समता येते, असे त्यांना सुचवावयाचे होते. पण वाक्य उच्चारले गेले होते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली जयपुरात गुन्हा नोंदवला गेला. मायावतींनी कारवाईची मागणी केली. १ फेब्रुवारीस सर्वोच्च न्यायालयाने अटकेला स्थगिती दिली, आणि देतानाच अशी विधाने करू नयेत असेही सुनावले.

येथे आदल्या वर्षीचे निःसंदिग्ध शब्द अडखळू लागले. दुखावले गेल्याची भावना हा अभिव्यक्ती रोखण्याचा आधार होऊ शकत नाही, हे २०१२ मधील कारण होते, आणि ते कोणतेही विशेषण न लावता दिले गेले होते. आता ज्यांच्या भावना दुखावल्या होत्या ते शतकानुशतके अवमानित झालेले लोक होते. त्यांचा राग आणि धर्मपीठाचा राग एका मापाने मोजावा काय, हा प्रश्न खोटा नव्हता. एखाद्याने प्रथमपासूनच असे म्हटले असते, की सत्तेने दुबळ्या असलेल्या समूहाची अप्रतिष्ठा करणारे भाषण आणि सत्तावान श्रद्धेची चिकित्सा करणारे भाषण यांत भेद आहे, तर ती भूमिका वादग्रस्त असूनही सुसंगत ठरली असती. परंतु आदल्या वर्षी निरपवाद स्वातंत्र्य सांगायचे आणि या वर्षी अपवाद शोधायचा, हे हेत्वंतरच होय. त्या गदारोळात सर्वांत नेटकी भूमिका कांचा इलय्या यांनी घेतली. दलित-बहुजन प्रश्नांवर आयुष्य घालवलेल्या या विचारवंताने विधान वाईट आहे असे स्पष्ट म्हटले, हेतू वाईट नाही असेही म्हटले, आणि प्रकरण तेथेच मिटवावे असे सुचवले. विधानाचा निषेध आणि विधानकर्त्याच्या अटकेची मागणी या दोन गोष्टी त्यांनी निराळ्या ठेवल्या. इतके साधे काम त्या आठवड्यात फार थोड्यांना जमले. जाता जाता नोंदवण्याजोगे, की आदल्या वर्षी जयपूर सोडून जावे लागलेल्या चौघांपैकी जीत थायिल यांना याच २०१३ च्या महोत्सवात दक्षिण आशियाई साहित्याचा मोठा पुरस्कार मिळाला.

चार वर्षांनी नाटक तेच राहिले, पात्रे मात्र बदलली. २०१७ च्या महोत्सवाला राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे मनमोहन वैद्य आणि दत्तात्रेय होसबाळे यांना बोलावण्यात आले. हे निमंत्रणच अनेक लेखकांना खटकले होते. वैद्य यांनी आरक्षण चिरकाल चालू नये अशा अर्थाचे विधान केले, आणि उत्तर प्रदेशात पुन्हा निवडणूक तोंडावर असल्यामुळे त्याचा मोठा गवगवा झाला. विधान संदर्भातून तोडले गेले आहे असा खुलासा आता संघाकडून आला. २०१३ मध्ये हाच खुलासा नंदींच्या मित्रांनी केला होता. संदर्भाचा आग्रह ज्या त्या गटाला स्वतःच्या माणसापुरता सुचतो. दोन्ही प्रसंगी त्याच बाजूने बोलणाऱ्यांत ठळकपणे दिसतात त्या मायावती. त्यांचा विरोध दोघांनाही होता. सुसंगतीला स्वतंत्रपणे सद्गुण मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी घ्यावे, कारण विरोधातही सुसंगती असू शकते.

तो महोत्सव संपून चारच दिवस झाले होते. २७ जानेवारी २०१७ रोजी जयपूरजवळच्या जयगड किल्ल्यावर संजय लीला भन्साळी यांच्या चित्रपटाच्या चित्रीकरणात करणी सेनेचे लोक घुसले आणि त्यांनी दिग्दर्शकाला मारहाण केली. पुढचे सर्वश्रुत आहे. ‘पद्मावती’चा ‘पद्मावत’ झाला, भाजपशासित राज्यांनी प्रदर्शन रोखले, १८ जानेवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी स्थगित केली, आणि अभ्यवेक्षण मंडळाचे अध्यक्ष प्रसून जोशी यांनी त्या वर्षी जयपूरच्या महोत्सवाला न जाण्याचे ठरवले. चित्रपटाला प्रमाणपत्र देणारा अधिकारीच साहित्याच्या मंडपात येऊ शकला नाही. आदल्या नोव्हेंबरात पंजाबचे काँग्रेसी मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांनी इतिहासाचा विपर्यास कोणी सहन करणार नाही असे सांगून आंदोलकांची बाजू घेतली होती, हेही या हिशेबात धरले पाहिजे.

हा रोग राजस्थानचा आहे असे समजून मराठी वाचकाने निश्चिंत होण्याचे कारण नाही. जेम्स लेन यांच्या शिवाजीविषयक पुस्तकावरून ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला. काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांच्या शासनाने हल्लेखोरांना पकडले आणि त्याबरोबरच पुस्तकावर बंदीही घातली. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी जानेवारीत मुंबईत बोलताना पुस्तक आवडले नाही तर त्यावर बंदी नको, दुसरे पुस्तक लिहावे, असा अर्थपूर्ण सल्ला दिला. मार्चमध्ये निवडणुकीच्या प्रचारात त्याच वाजपेयींनी परदेशी लेखकांना राष्ट्राभिमानाशी खेळू नका असा इशारा दिला. मधल्या दोन महिन्यांत पुस्तकातील एक अक्षरही बदलले नव्हते. बंदी पुढे २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

पक्षांकडून सुसंगतीची अपेक्षा कितपत करावी हा स्वतंत्र प्रश्न आहे. लेखकाच्या बाबतीत मात्र एक भेद सतत नजरेआड होतो. मौन आणि विसंगती या दोन गोष्टी एक नव्हेत. कोणताही माणूस सर्वच अन्यायांवर बोलू शकत नाही. त्याचे वय, त्याची भाषा, त्याची माहिती आणि त्याचे धैर्य या सर्वांना मर्यादा असतात. अमुक प्रसंगी तो गप्प होता एवढ्यावरून आजचे त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. खोटे ठरते ते तेव्हाच, जेव्हा पूर्वी त्याने याच्या उलट कारण दिलेले असते, आणि तेही बदलाचा खुलासा न करता. खुशवंत सिंग यांनी आणीबाणीचे समर्थन केले होते. १९८४ मध्ये सुवर्णमंदिरातील लष्करी कारवाईच्या निषेधार्थ त्यांनीच पद्मभूषण परत केले. आणीबाणीच्या निषेधार्थ पद्मभूषण परत करणाऱ्या शिवराम कारंतांची नैतिक उंची खुशवंत सिंगांना कोणी देणार नाही. पण अमृतसरविषयीचे त्यांचे म्हणणे चूक होते, असे केवळ १९७५ च्या आधारे सिद्ध करता येत नाही.

याउलट, प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नकोच असते, हे नयनतारा सहगल यांच्या प्रकरणात दिसले. कलबुर्गी यांच्या हत्येनंतर ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनी साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला, तेव्हा आणीबाणीत आणि शीखविरोधी हिंसाचाराच्या वेळी त्या कुठे होत्या असे विचारले गेले. परत केलेला पुरस्कार ज्या ‘रिच लाइक अस’ या कादंबरीसाठी १९८६ मध्ये मिळाला होता, तिचा विषयच आणीबाणी हा होता. आणि इंदिरा गांधींच्या त्या आतेबहीण असूनही त्यांनी त्या काळात उघड विरोध केला होता. उत्तर ग्रंथरूपाने छापलेले असतानाही प्रश्न काही थांबला नाही. पुढे जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचे त्यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. तेव्हा त्यांच्या इंग्रजी लेखनाचे निमित्त सांगितले गेले. अध्यक्षा अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच या गोष्टीबद्दल नापसंती नोंदवली, हे त्या संमेलनाच्या इतिहासात राहील.

मराठीत पक्षनिरपेक्ष निषेधाचे दाखले दुर्मीळ असले तरी आहेत. १९७५ च्या कऱ्हाड संमेलनात यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना दुर्गा भागवत यांनी अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलण्याचे धाडस केले, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. तितकी सांगितली जात नाही ती पु. ल. देशपांडे यांची. १९७७ मध्ये त्यांनी काँग्रेसविरुद्ध प्रचारसभा घेतल्या. १९९६ मध्ये शिवसेना-भाजप शासनाने महाराष्ट्रभूषण देऊन त्यांचा गौरव केला तेव्हा, वय झालेले आणि प्रकृती ढासळलेली असताना, त्यांनी त्याच प्रसंगी ठोकशाहीच्या भाषेविषयी खेद प्रकट केला. त्याबद्दल बाळासाहेब ठाकरे यांच्याकडून त्यांना जाहीर शब्दांत उपहास सोसावा लागला. एकोणीस वर्षांच्या अंतराने दोन परस्परविरोधी सत्तांना दिलेले कारण मात्र एकच होते, आणि दुसऱ्यांदा ते देताना समोर आभार मानण्याजोगा पुरस्कार होता.

रश्दींच्या पुस्तकाचे काय झाले, हे सांगितल्यावाचून जयपूरचा विषय पुरा होत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतील चटाक्वा येथे त्यांच्यावर चाकूहल्ला झाला आणि त्यांचा एक डोळा गेला. इकडे २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात १९८८ च्या आयातबंदीला आव्हान देणारी याचिका दाखल झाली होती. जिच्या भरवशावर जयपूरच्या आवारात चौघांचे वाचन थांबवले गेले, पत्रके निघाली, तक्रारी झाल्या, आणि दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे वाद घातला, ती सीमाशुल्क खात्याची अधिसूचना न्यायालयापुढे ठेवणे संबंधित अधिकाऱ्यांना जमले नाही. ती सापडतच नव्हती. ५ नोव्हेंबर २०२४ च्या आदेशात न्यायालयाने ती अस्तित्वात नाही असेच धरावे लागेल असे म्हटले, आणि डिसेंबरपासून दिल्लीतील एका जुन्या ग्रंथविक्रेत्याकडे ते पुस्तक विकावयास ठेवलेले दिसू लागले.